विमानातली हजेरी

केनवड, ता. रिसोड
दि. १० फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदीपा हिस,
इंद्रभानमामाचा सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. दिल्लीत थंडी आहे हे तू तीनदा लिहिलंस, एकदा पुरलं असतं. फोनवर बोललेलं तासाभरात विसरायला होतं, म्हणून तुला पत्रच लिहायला सांगतो. पण पत्रात हवापाणी कमी आणि मजकूर जास्त असावा.

तुझ्या मामीची तब्येत बरी आहे. पाठीच्या ऑपरेशननंतर दर तीन महिन्यांनी मुंबईच्या डॉक्टरांकडून मणक्यात इंजेक्शन घ्यावं लागतं, हे तुला माहीत आहेच. ऑक्टोबरात रेल्वेनं नेलं तेव्हा तिनं रस्ताभर पदराचा बोळा दातात धरला होता. या जानेवारीत विमानानं नेलं. मालेगाव, शेलूबाजार करत विमानतळापर्यंत जीपनं अडीच तास, तेही मागच्या सीटवर आडवं होऊन, आणि पुढे सव्वा तासात मुंबई. उतरल्यावर मला म्हणते, "बस, झालं? म्या तं आताच डोये मिटले होते." सात वर्षांची असताना तुला आमच्याकडे आणलं, तेव्हापासून ती बाई इतकी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती. सरकारनं तिकिटाचा निम्मा भार उचलला नसता तर माझ्या पेन्शनीत हे बसलं नसतं.

आता खरा मजकूर. आपल्या लोकांना विमानाची भीती फार. विमानतळावरचे, विमान कंपनीचे मॅनेजर सज्जन गृहस्थ. मला म्हणाले, गुरुजी, विमान रिकामं जातं हो, लोकांना आणून दाखवा तरी, भीड मोडेल. मी म्हटलं, एवढंच ना? शाळेची सहल काढायचो तशी यादी केली, आधारकार्डांच्या झेरॉक्स लावल्या आणि चार तारखेला बारा जणांना घेऊन गेलो. सगळ्यांना नावाचे छापील पास दिले. आत नेऊन खुर्चीवर बसवलं, पट्टा बांधून दाखवला, गोळ्या वाटल्या. मग मला राहवलं नाही. मी मधल्या वाटेत उभा राहून हजेरी घेतली. सत्तरीचे लोक "हजर, गुरुजी" म्हणत होते. पंधरा मिनिटांनी आम्ही उतरलो आणि खऱ्या प्रवाशांना घेऊन विमान गेलं.

येत्या अठरा तारखेला निताच्या बचत गटाच्या अकरा बायका जाणार आहेत. मॅनेजरसाहेब म्हणाले, यादी तुमच्याच अक्षरात द्या, फार स्वच्छ असते.

तू नेमकी या विमानमार्गांचं पाहणाऱ्या सरकारी कार्यालयात आहेस म्हणून विचारतो. एप्रिलमध्ये आपल्या मार्गाचा फेरविचार होणार असं तू लिहिलं होतंस. मार्ग राहील ना? तुझ्या संग्रही असावा म्हणून माझा पास सोबत पाठवतो. सातव्या रांगेतली खिडकी मिळाली होती.

तब्येतीला जप.
तुझा,
मामा

*

नवी दिल्ली
दि. २० फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,
तुम्हाला आणि मामीला सविनय जय भीम.

तुमचं पत्र आजच हातात पडलं. मामी हसली हे वाचून मला इकडे बरं वाटलं. ती हसताना तोंडावर हात धरते ना, तो या वेळी धरला होता का, ते लिहा.

मार्गाचं म्हणाल तर नियम साधा आहे. ज्या मार्गांना सरकार तिकिटामागे पैसे भरून देतं, तिथं तीन महिन्यांत शंभरातल्या साठ जागा तरी भरलेल्या हव्यात. तसं झालं तर कंपनीला पुढची तीन वर्षं मिळतात, नाहीतर मार्ग बंद. आपल्या मार्गाचे आकडे साठाच्या थोडेसे वर आहेत. त्यावरची टिपणी मार्चअखेर माझ्याच टेबलावरून जायची आहे. तेव्हा काळजी करू नका, मामीची एप्रिलची तारीख डॉक्टरांकडून घेऊन ठेवा.

निताताईंचा गट एव्हाना जाऊन आला असेल. मामा, आता यापुढे मात्र कोणाला नेऊ नका. विमानतळावर सुरक्षेचे नियम असतात, उगाच कोणी बोट दाखवायला नको. पास प्रत्येकानं घरात ठेवावेत, त्यांचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नयेत. आणि तुमच्या यादीची प्रत तुमच्याकडे असेल तर तीही कोणाला देऊ नका.

एवढं माझं ऐका.
तुमची,
धम्मदीपा

*

केनवड
दि. ३ मार्च २०२५

चि. धम्मदीपा हिस,
जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. नेऊ नका, टाकू नका, देऊ नका. तुझ्या कार्यालयाला आमचे लोक गावंढळ वाटले की तुला? धोतर नेसून विमानात बसलेला माणूस फोटोत दिसला तर दिल्लीत कोणाची मान खाली जाते, हे मला समजलं नाही. ज्या घरात तू बाराखडी गिरवलीस त्या घरातही धोतरच होतं. असो. बोललो, मोकळा झालो. मामी म्हणते, पोरीला कामाचा ताण असेल, तुम्ही लगेच छडी काढता.

हो, तोंडावर हात धरला होता.

निताचा गट अठराला जाऊन आला. मी गेलो नाही, त्या दिवशी मामीची पाठ धरली होती. यादी मात्र मी करून दिली. निताच म्हणे आत उभी राहून माझ्यासारखी हजेरी घेत होती.

आता एक वाईट बातमी. तांड्यावरच्या प्रेमसिंगची रंजीता गेली. तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, मुंबईच्या एका दवाखान्यात नर्स होती. चौथीत माझ्या वर्गात होती आणि पाढे इतके घाईनं म्हणायची की मला थांबवावं लागायचं. ताप डोक्यात गेला. अठरा तारखेलाच सकाळी फोन आला, लवकर या म्हणून. प्रेमसिंगला मीच सांगून ठेवलं होतं की आता मुंबई सव्वा तासावर आहे. तो मोटारसायकल काढून थेट विमानतळावर गेला. विमान सुटायला दीड तास होता. खिडकीवर सांगितलं, जागा नाही, विमान पूर्ण भरलं. मग अकोल्याला जाऊन गाडी धरली. तो पोचला त्याच्या चार तास आधी ती गेली होती.

तुझ्यापाशी कबूल करतो. विमान भरलं होतं हे ऐकून क्षणभर मला बरं वाटलं होतं, आपला मार्ग टिकणार म्हणून. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःची लाज वाटली. मी त्याला म्हटलं, प्रेमसिंग, जागाच नव्हती, त्याला कोण काय करणार. त्यानं मान हलवली.

मामीची तारीख अठरा एप्रिल मिळाली आहे.
तुझा,
मामा

*

नवी दिल्ली
दि. १२ मार्च २०२५

आदरणीय मामा,
जय भीम.

तुमची छडी लागली. पण कारण तुम्ही समजलात ते नाही. आपल्या लोकांची मला लाज वाटेल, असं तुम्हाला वाटलं तरी कसं?

दोन दिवस हे पत्र लिहून फाडते आहे. आता सरळ सांगते. तुम्ही पाठवलेला पास खरा आहे. सहलीची आठवण म्हणून कोणी तो छापलेला नाही. त्यावरचा क्रमांक माझ्यासमोरच्या प्रवासी यादीत आहे. कागदावर तुम्ही चार फेब्रुवारीला मुंबईला गेलात, मामा. तुमच्यासोबत बारा जण गेले. त्यांची नावं मी वाचली. तुम्ही यादीत लिहिलेल्या क्रमानंच ती आहेत, आधी वडीलधारे, मग बाकीचे. तिकिटांचे पैसे कंपनीनं आपल्याच एका खिशातून काढून दुसऱ्यात घातले, सरकारकडून वरचे पैसे घेतले आणि जागा भरल्याचं दाखवलं. तुमच्यासारखे गुरुजी त्यांनी आणखी तीन गावांत शोधले असावेत. या सगळ्या खोट्या जागा वगळल्या तर आपला मार्ग चाळीसाच्याही खाली जातो.

तुम्ही फसवणूक केली नाही, तुमच्याकडून करवून घेतली. पण यादी तुमच्या हस्ताक्षरात आहे, आणि चौकशी झाली तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील.

टिपणी अजून माझ्याकडे आहे. मी त्यावर सही केली की मार्ग राहतो आणि अठरा एप्रिलला मामी सव्वा तासात मुंबईला जाते. मी खरं लिहिलं की तिकीटविक्री थांबेल. नियमाप्रमाणे आपलं नातं मी पहिल्या दिवशीच साहेबांना कळवायला हवं होतं, तेही केलेलं नाही. खरं सांगू का, मी गप्प बसायच्या विचारात आहे. ज्या बाईनं मला वेणीफणी करून शाळेत पाठवलं, तिच्या पाठीपेक्षा कंपनीची लबाडी मला मोठी वाटत नाही.

हे पत्र वाचून जाळून टाका.
तुमची,
धम्मदीपा

*

केनवड
दि. २१ मार्च २०२५

चि. धम्मदीपा हिस,
जय भीम.

पत्र जाळलं नाही. छत्तीस वर्षं हजेरीपट सांभाळले, कागद जाळायची सवय नाही.

तुझं पत्र वाचल्यावर मी माझी वही उघडली. बारा जणांचं पान पाहिलं, मग उलटून दुसरं पाहिलं. वर तारीख होती अठरा फेब्रुवारी, खाली अकरा बायका. विमानात जागा एकोणीस. तुझ्या लक्षात हे आलं नसेल असं मला वाटत नाही. तू ते लिहिलं नाहीस, माझ्यासाठी. पण गणित मला येतं, पोरी.

दोन दिवस मी जेवलो नाही. मामीनं विचारलं तेव्हा तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "प्रेमसिंगभाऊले सांगा. बाहेरून समजलं तं त्याचं मन आनखी तुटन." मी म्हटलं, सांगितलं की हे लपणार नाही आणि तुझं विमान जाईल. तर म्हणते, "मले काय इमानानं जलमाले घातलं होतं?"

मी तांड्यावर गेलो. प्रेमसिंग हरभऱ्याच्या गंजीपाशी बसला होता, त्याची बायको गोमतीबाई घमेल्यात घाटे निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. बसून सांगायचं धाडस झालं नाही. निताच्या गटाची यादी मी केली, त्या अकरा नावांनी विमान भरलं आणि म्हणून तुला जागा नाही म्हणाले. मग त्यानं एवढंच विचारलं.

"गुरुजी, थ्या बाया तं उतरनारच होत्या ना?"

मी हो म्हटलं.

"मंग मले थांब काहून नाई म्हटलं कोनी?"

गोमतीबाई उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. मुलगी गेलेल्या घरातलं पाणी मी प्यालो.

त्यानंतर गावात फिरून सगळे पास मागितले. लोक चिडले. निता तर म्हणाली, "मी काचेत लावला हो गुरुजी, आता काढू कसा?" तिला कारण सांगितल्यावर तिनं स्वतःच फ्रेम फोडली आणि खाली बसून रडली. बाराच्या बारा आणि अकराच्या अकरा जमले. माझा तुझ्याकडे आहेच. सोबत माझं निवेदन आहे. त्यात लिहिलं आहे की हे चोवीस जण विमानात हजर होते, पण गेले नाहीत, आणि याद्या माझ्या हातच्या आहेत.

हे तुझ्या हातानं पुढे नेऊ नकोस. तुझ्या साहेबांकडे दे आणि हा माझा मामा आहे असं स्पष्ट सांग. गप्प बसायच्या विचारात आहे असं तू लिहिलंस. ते माझ्या घरात शिकलेली मुलगी लिहिते आहे असं मला वाटलं नाही. पण का लिहिलंस ते कळलं, आणि म्हणून रागावताही आलं नाही.

तुझा,
मामा

*

नवी दिल्ली
दि. २ एप्रिल २०२५

प्रिय मामी,
हे पत्र तुझ्या नावानं मुद्दाम पाठवते आहे.

मामांचं निवेदन आणि सगळे पास मी साहेबांकडे दिले, नातं सांगितलं. कालपासून मार्गाची तिकीटविक्री थांबली आहे. माझं टेबल काढून मला जुन्या फायलींच्या विभागात बसवलं आहे, आणि नातं लपवलं, टिपणी अडवून ठेवली म्हणून खुलासा मागितला आहे. ते योग्यच आहे. मामांना साक्षीदार म्हणून बोलावतील, आरोपी म्हणून नाही, असं साहेब म्हणाले.

पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. मामांना मी लिहिलं की त्यांचं पहिलं पत्र वीस तारखेला मिळालं. ते खोटं होतं. पत्र सतरा फेब्रुवारीला दुपारीच मिळालं होतं. पास पाहिल्याबरोबर मला सगळं समजलं. दुसऱ्या दिवशी बायका जाणार आहेत हेही त्यात होतं. मी फोन हातात घेतला, नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. मनात आलं, अकरा जागा आणखी भरल्या तर आकडा साठाच्या वर जाईल आणि मामीचं एप्रिलचं विमान पक्कं होईल. दोन मिनिटांचा फोन होता, मामी. तो केला असता तर रंजीताच्या बापाला जागा मिळाली असती.

मामा सगळं स्वतःवर घेऊन बसले आहेत. त्यांना सांगायचं की नाही हे तू ठरव. मला ठरवता येत नाही.

तुझी,
दीपा

*

केनवड
९ मे

दीपा,
तुह्या मामानं साक्षरतेच्या वर्गात शिकवलं तेवढंच मले लिहिता येते, चुका पाहू नको.

तुहं पत्र मामाले दाखवलं नाई. निदान आज तरी नाई. तू फोन केला नाई थे माह्या पाठीसाठी केला नाई. मंग त्या पापात माहाबी वाटा हाय, तो मी घेतला. तू एकटी उचलू नको. पन हे असं म्हून मी तुले सोडून देऊन नाई राह्यली. कधी गावाले येशीन तं आधी तांड्यावर जाजो, मंग घरी येजो. थे मी नाई सांगू शकत, थे तुलेच सांगा लागन.

आमी अठरा एप्रिलले रेल्वेनं गेलो. अकोल्यापरेंत जीप, मंग गाडी. लय दुखलं. खोटं कायले लिहू. मनमाडच्या पुढं तं मले वाटलं का आता उतरून द्या मले कुठंबी. डाक्टर म्हने, बाई एवढ्या लांबून बसून येनं बंद करा. मी हो म्हटलं. तिथं कोनाले सांगा की आमच्या गावाले इमान नाई.

प्रेमसिंगभाऊ सोबत आला होता. मामा म्हने तू काहून येतं बापा, तं म्हने वयनीले एकट्यानं उतरवता येनार नाई तुमाले गुरुजी. पन थे कारन नव्हतं. रंजीताची पेटी तिच्या खोलीवर पडून होती, थे आनाची होती. जातानी त्यानं मले गाडीत लहान लेकरावानी दोन हातावर उचलून ठेवलं, आन् मी पडू नये म्हून पुरा रस्ता पायाशी बसून राह्यला. मामाशी बोलला नाई. पन मामाच्या डब्यातली भाकर खाल्ली.

तुह्या मामानं गावातले सारे पास जमा केले तवा माहाबी मांगला होता. मी देला नाई. म्हटलं माहा खरा हाय, मी खरंच गेली होती. थो माह्या थैलीत असते. वापस येतानी मी औषदाची चिठ्ठी काहाडली तं थो पास खाली पडला. प्रेमसिंगभाऊनं उचलला. पेटी त्याच्या मांडीवर होती, खाली ठेवली नव्हती त्यानं. पेटीवर पास ठेवून त्यानं तो पाह्यला, वाचता त्याले येत नाई. मंग मले इचारलं, वयनी, वरून मुंबई यायले किती टाइम लागते?

मामा बाजूलेच होता. त्यानं खिडकीकडं तोंड केलं.

मी सांगतलं, सव्वा घंटा.

त्यानं पास माह्या हातात देला आन् पेटीवर हात ठेवून बसला.

तुही,
मामी